चारही पाय उजवे

नंदिनी, तो मोबाईल उपडा ठेव. धीरज, दाराला टेकू नको, इकडे सरक. हिंगणघाटला तुमच्या गल्लीत रात्रभर दिवे जळतात, म्हणून अंधार म्हणजे लाईट गेली एवढंच तुम्हाला वाटतं. ऐका आता. आमच्या जंगलातल्या वनरक्षकाची, अनुपची ही हकीकत आहे. त्याने स्वतः माझ्यापुढे बसून सांगितलेली. शेवटचं मात्र माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. आमच्या घरात अंगारा-धुपारा छप्पन सालच्या दीक्षेपासून बंद आहे, भूतबीत मी मानत नाही. ठसा मानते. शाळेने मला घेतलं नाही, पण चिखलात कोण चालून गेलं हे मी दहाव्या वर्षी वाचत होते.

बारा डिसेंबर दोन हजार तेवीस. मंगळवार. रात्री साडेनऊला अनुप बोरगाव मेघेच्या आपल्या घरून मोटारसायकलवर निघाला. डिक्कीत चाळणी, मागच्या सीटला खराटा बांधलेला. बायकोने विचारलं, "आता कुठी?"

"उद्या साहेब येऊन राह्यले. पट्टी करून येतो."

पट्टी म्हणजे काय, तर जंगलातून गावाकडे येणाऱ्या वाटेवर बारीक चाळलेली माती पसरायची, बारा पावलं लांब, आणि खराट्याने सपाट करायची. रात्री जे जनावर जाईल त्याचा ठसा त्यात पडतो. उन्हं यायच्या आत तो वाचायचा आणि वहीत लिहायचं. वाघ असो, बिबट असो, रानमांजर असो, नाहीतर ती इवलीशी वाघाटी असो. हे अनुपचं रोजचं काम. पण बोरगाव मेघेहून थंडीत पहाटे उठून केळझरच्या पुढे आमच्या गावापर्यंत यायचं म्हणजे अनुपच्या जिवावर यायचं. मग घरी चहा पीत वही भरायची. रोज एकच शब्द, रानमांजर. रानमांजराबद्दल कोणी काही विचारत नाही. वाघ लिहिला की कॅमेरे लावा, गस्त घाला, रजा बंद.

"म्हणजे वही खोटी?" धीरज, मध्ये बोलू नको. खोटी होती म्हणूनच सांगते आहे.

आमच्या गावची दीपमाला, श्रावणची बायको. बत्तीस वर्षांची, जिभेने माझ्यासारखी. तिचं कापसाचं वावर नाल्याच्या काठाला. नोव्हेंबरात तिला नाल्याच्या ओल्या मातीत ठसा दिसला. ढोरांनी तुडवू नये म्हणून तिने त्यावर घमेलं उपडं घातलं, भोवती बोराटीच्या काट्या लावल्या, आणि चहाच्या टपरीवर अनुपला आडवी गेली. तेव्हा मी तुमच्याच घरी हिंगणघाटला मोतीबिंदू काढून डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. नाहीतर ते घमेलं मीच उचललं असतं, आणि आज ही गोष्टच नसती.

"सायब, हे कोनाचं हाय ते येऊन पाहा. मले त वाघाचं वाटते."

"मांजर असन बाई. आठ दिवसांपासून वहीत मांजरच हाय."

"मांजर? माह्या तळहातात मावत नाई ते!"

"तुहा हातच लहान असन."

टपरीवरचे सगळे हसले. श्रावणही हसला. हे त्याने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना खाली पाहत होता.

सत्तावीस तारखेला अवकाळी पावसाचं आभाळ आलं. वेचलेला कापूस भिजेल म्हणून दीपमाला पहाटेच वावरात गेली. ती परत आली नाही. दुपारपासून पाऊस कोसळला तो दोन दिवस. नंतर तिची एक चप्पल सापडली आणि साडीचा हातभर तुकडा. बाकी सगळं नाल्याने धुऊन नेलं, त्या घमेल्यासकट.

आदल्या रात्री नवरा-बायकोचं भांडण झालं होतं, शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. भांडण कशावरून, तर रात्रपाळीच्या लाईटवर मोटर चालू करायला कोणी जायचं, यावरून. आणि जंगलवाल्यांच्या वहीत मांजर. मग बाई गेली कुठे? तिच्या माहेरच्यांनी तक्रार दिली. श्रावणला रोज ठाण्यात बोलावणं. नळावर तो आला की बायका आपापली गुंडं उचलून बाजूला व्हायच्या. जे लोक त्याच्या घरी जेवून गेलेले होते, ते त्याच्या अंगणासमोरून जाताना थुंकायचे. माझं गाव आहे, म्हणून झाकून ठेवणार नाही. शेवटी ठरलं की तेरा तारखेच्या सकाळी जंगलखात्याचे साहेब आणि फौजदार मिळून पट्टी पाहतील. तिथे मांजरच निघालं, तर वही खरी आणि श्रावण आत.

आता कळलं अनुप रात्रीचा का निघाला? त्याच्या खिशात प्लास्टरचा साचा होता. ट्रेनिंगमध्ये रानमांजराच्या ठशावरून घेतलेला, लिंबाएवढा. मातीत दाबला की मांजर चालून गेल्यासारखं दिसतं. पहाटे साहेबांच्या आधी यायचं आणि दुसरं काही उमटलं असेल तर झाडून टाकायचं, असा बेत. एका माणसाचा जन्म तुरुंगात जाईल, ह्याचा विचार आला का रे, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, "आला. पण नोकरीचा आधी आला."

पावणेअकराला तो वाटेवर पोचला. अमावस्या होती. माती चाळली, खराटा फिरवला. मग जंगलाच्या टोकापासून गावाच्या टोकाकडे उलटा चालत एकेक ठसा दाबत आला, आणि आपल्या बुटांच्या खुणा खराट्याने पुसत आला. काम सुबक झालं. गावाकडच्या टोकाला उभं राहून त्याने टॉर्च मारला. मांजर जंगलातून निघून गावाकडे आलं होतं, नीट, शहाण्यासारखं. त्याने घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा.

तो वळणार, तेवढ्यात पलीकडच्या टोकाला मातीत एक खळगा पडला.

बोराएवढा.

टॉर्चच्या उजेडात बारा पावलं स्वच्छ दिसत होती. जनावर नव्हतं. वारा नव्हता. सवयीने त्याच्या मनात नाव आलं... वाघाटी.

दुसरा पडला. तिसरा. त्याच्या खोट्या ठशांच्या शेजारून, त्याच्याच दिशेने. चौथा लिंबाएवढा होता. रानमांजर, मन म्हणालं. पाचवाही तसाच. मग जरा थांबलं. मग पुरीएवढा उमटला, गोल, चार बोटं, नखं नाहीत.

बिबट.

"आजी, पळाला काऊन नाई तो?"

पाय हलले नाहीत, म्हणाला. टॉर्चही खाली झाला नाही. हात तसाच धरलेला.

आता आवाज येत होता. पिठात मूठ दाबावी तसा. एक... मग दुसरा. दोन्हींच्या मधलं अंतर वाढत होतं. पुढचा ठसा पडला तो तळहातात मावणारा नव्हता. जाड बोटं. रुंद गादी. मन नाव सांगायला तयार होतं, त्याने मनाचं तोंड दाबलं.

अजून एक.

अजून एक...

त्याच्यापासून दोन हातांवर थांबलं.

ओल्या कापसाचा वास आला. बोंडं भिजून सडतात, तसा.

आणि खालून आवाज आला. वरून नाही. खालून. ठशावर उकिडवं बसून कोणी बाई बोलेल, तितक्या उंचीवरून.

"सायब... हे कोनाचं?"

तो उभा.

"सांगा ना, सायब."

वाघाचं. एवढंच म्हणायचं होतं. रात्र होती, ऐकायला कोणी नव्हतं, वही नव्हती. त्याने तोंड उघडलं...

"मांजर."

असं म्हणाला तो! मी त्याच्या अंगावर ओरडले, "काऊन म्हटलं रे असं?" तर म्हणे, "बाई, दुसरं तोंडातून निघालंच नाई."

मग काहीच नाही. बराच वेळ...

मग पुढचा ठसा पडला. त्याच्या दोन बुटांच्या मधोमध.

खराटा, चाळणी तिथेच टाकून तो पळाला. गाडी सुरू केली कशी, बोरगावला पोचला कसा, त्याला आठवत नाही. पहाटे येऊन पट्टी झाडायची ती राहून गेली. सात वाजता साहेबांच्या गाडीमागून आला, तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं झालेलं मी पाहिलं. मला वाटलं, जागरण.

अर्धं गाव जमलं होतं. श्रावण दोन पोलिसांच्या मध्ये, मान खाली. माझे नवे डोळे, काठी, आणि मी पुढे. पट्टीवर काय होतं? मांजराची एक ओळ. वाघाटी नाही, बिबट नाही, वाघ नाही. रात्रीचं काहीच नाही! अनुपने ते पाहिलं आणि त्याच्या तोंडावर रंग आला. हो, आला. मी पाहिला.

"रानमांजर, साहेब," तो म्हणाला. "रोजच्यासारखं."

फौजदाराने श्रावणच्या दंडाला हात घातला. मागून कोणीतरी म्हणालं, "घाला साल्याले आत."

मी पट्टीच्या कडेला बसले. साहेब म्हणाले, "आजी, बाजूला व्हा."

"साहेब, मी बाजूलाच बसली हाव. तुमी इकडे या. एक सांगा मले. ह्या मांजरीले चारही पाय उजवेच हायत का?"

हसले लोक. म्हातारी चळली म्हणाले. मी हात पुढे केला. आपलं मधलं बोट सगळ्यांत पुढे असतं की नाही? मांजराच्या पायाचंही एक बोट पुढे असतं. ते डावीकडे असलं की पाय उजवा, उजवीकडे असलं की पाय डावा. इथे पहिल्या ठशापासून शेवटच्या ठशापर्यंत ते डावीकडेच. पुढचा पाय तोच, मागचा पाय तोच. गादीच्या कडेला एक बारीक चीर, तीही प्रत्येक ठशात.

"हे मांजर एका पायावर उड्या मारत आलं का? मारत आलं असन, तर दुसरा पाय कुठीच काऊन टेकला नाई?"

साहेब गुडघ्यावर बसले. एक पाहिला, दुसरा पाहिला, दहावा पाहिला. हसणं थांबलं. मग त्यांनी अनुपकडे नुसता हात पुढे केला, आणि त्याने खिशातून साचा काढून दिला. कोणी मागितलाही नव्हता.

फौजदाराचा हात श्रावणच्या दंडावरून निघाला. त्याच दिवशी नाल्याला कॅमेरे लागले आणि दोन रात्रींत वाघीण दिसली, जंगलातून दीपमालाच्या वावराकडे येताना. अनुपची वही साहेबांनी नेली, नोकरीवरून घरी बसवलं. श्रावणच्या दारात लोक चहासाखर घेऊन आले. त्याने कोणाला आत घेतलं नाही. मला घेतलं. बरंच केलं त्याने.

इथे संपायला हवं होतं. झालं ना, माणूस सुटला?

शनिवारी सकाळी अनुप माझ्या दारात. दाढी वाढलेली.

"भागीरथाबाई, माह्या घरी चला."

"कामून? आता माह्या पायाचा साचा घेतं का?"

हसला नाही. ओसरीवर बसला आणि मंगळवारची रात्र सांगितली, जी आत्ता तुम्हाला सांगितली. सगळी, आपल्या तोंडून निघालेल्या त्या शब्दासकट. मी म्हटलं, "मंग बुधवारी सकाळी सगळ्यांपुढे पुन्हा तेच काऊन म्हटलं?" तो उठून उभा राहिला. म्हणाला, "बुधवारच्याच रात्री झालं जी. बायको पोराले घेऊन माहेरी गेली. तुमी एकडाव पाहून द्या."

गेले. मला कोणाची भीती? बोरगाव मेघेत त्याचं नवं घर, निळा रंग, समोर सिमेंटचं अंगण. ते सिमेंट चार वर्षांपूर्वीचं. मी काठीचं लोखंडी टोक आपटून पाहिलं, टणटण वाजलं.

दारापासून हातभर अंतरावर एक ठसा होता.

सिमेंटमध्ये. बोटाच्या पेराएवढा खोल. कडेला चीर नाही, भुगा नाही. ओल्या चिखलात पडावा तसा गुळगुळीत. मी वीत लावली, दोऱ्याने मोजला. मापावर दोऱ्याला गाठ मारली. पायाचं पुढचं बोट उजवीकडे.

"वाघीण," मी म्हटलं. "पुढचा डावा."

अनुप फाटकाबाहेर उभा, आत यायला तयार नाही.

बोटं दाराकडे होती. मी सगळं अंगण पाहिलं. मागचं दार पाहिलं, न्हाणीची मोरी पाहिली, कुंपणाबाहेरची मऊ माती चारी बाजूंनी वाकून वाकून पाहिली. कुत्र्याचे ठसे होते, कोंबडीचे होते, शेजारच्या पोरांच्या चपलांचे होते.

आत जाणारा तो एक.

बाहेर येणारा... नाही सापडला.