सहा इंचांचा ठोकळा

१९५६ साली मी, मनासे झकेरिया, पनवेलच्या खाडीजवळ पत्र्याच्या एका शेडमध्ये बांधकामाचं सामान तपासायचं काम करत होतो. यंत्र चालवायला तुळशीराम होता. उरणकडचा, आधी मिठागरात राबलेला, अंगाने दणकट.

त्या मार्चमध्ये चांद्याकडच्या एका कोळसाखाणीतून दगडी चुऱ्याची पोती आली. कोळसा काढला की खाली पोकळी उरते. छत खचू नये म्हणून खाणीतल्याच टाकाऊ दगडाचा चुरा, वाळू आणि सिमेंट कालवून ती भरायची, असा मालकांचा विचार होता. आम्ही त्या मिश्रणाचे सहा इंचांचे ठोकळे पाडले, महिनाभर पाण्यात ठेवले. किती भार सोसतात हे बघायला आता ते यंत्रात दाबून फोडायचे होते.

"कुठला चुरा यो?" तुळशीरामने विचारलं.

"कोसळलेल्या बोगद्यातला."

"मानसं व्हती आत?"

"होती. सापडली नाहीत." सोबतच्या पत्रात तसं लिहिलं होतं.

तो चाक फिरवून दाब वाढवू लागला. पहिला ठोकळा वीस टनांवर फुटला.

दुसरा चढवला. बारा टनांवर आतून आवाज आला. ठक. ठक. ठक.

तुळशीरामने चाक सोडलं. "सायेब, नका दाबू. आत कोन तरी हाय."

"हवा अडकली असेल," म्हणत मी स्वतः चाक फिरवलं. ठोके वाढले. मग आतून कुणी धडका द्याव्यात तशी यंत्राची अख्खी लोखंडी चौकट हादरू लागली. ठोकळ्याला उभी चीर गेली.

तुळशीरामने मला ढकलून दिलं, चाक उलटं फिरवलं आणि चिरेत बोटं घातली.

ठोकळा सहा इंचांचा. त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला.

तो किंचाळला. मी त्याला कमरेला धरून ओढलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. हात येईना, उलट आणखी आत ओढला गेला. खांदा चिरेला टेकला.

मी घण उचलला.

तिसऱ्या घावाला ठोकळा फुटला. रक्त वरच्या पत्र्यापर्यंत उडालं. तुळशीराम मागे कोसळला. मनगटाखाली नुसता लगदा होता.

दवाखान्यात हात कोपरापासून कापावा लागला. "यंत्रात सापडला," मी डॉक्टरांना सांगितलं. अहवालात 'मिश्रण वापरू नये' एवढंच लिहिलं. कारण लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शुद्धीवर आला. उशाशी त्याची बायको मालू रडत होती. पट्टी बांधलेल्या थोट्या हाताकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"सायेब," तो म्हणाला, "माजा हात धरून व्हता, तो मानूस आला का भायेर?"