ब्रॅकन एंडच्या खुंट्या

ही गोष्ट घडलेली आहे. अम्ब्रोज टफ्नेलनं मला ती स्वतः सांगितली. प्रार्थनामंदिरात डोळे मिटून गाणारा तो सुतार देवाची शपथ उगाच घेत नसे.

नोव्हेंबर १९५३. इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं ब्रॅकन एंड हे शेतघर. दुपारचे साडेतीन, उजेड उतरत आलेला.

सगळा भार ओकच्या खांबांवर, मधे कुडाच्या भिंती. खिळा एकही नाही. सांध्यासांध्यात लाकडी खुंट्या. कोपऱ्याचा खांब तळाशी कुजला होता. अम्ब्रोजनं तुळईला टेकू दिले आणि आत शेकोटीपाशी बसलेल्या घरमालकीण हेस्टरमावशीला तो म्हणाला,

"काम होईस्तोवर शेजारी जा ना गं."

"तीनशे वर्षं उभंय हे. तुझ्या हातोड्यानं पडणार होय रे? आधी चहा पी."

तो हसत बाहेर आला. खांब कापण्याआधी वरच्या सांध्यात नव्या खुंट्या ठोकल्या. एक. दोन. तीन.

पाठ वळवली...

ठक्.

पहिली खुंटी बोटभर बाहेर आली होती.

सरकतं कधी लाकूड. त्यानं ती परत ठोकली.

ठक्... ठक्.

आता दोन.

"मावशी, चेष्टा पुरे!"

"मेल्या, गुडघे धरलेत माझे. मी कशाला उठू?"

तो आत धावला. मावशी खुर्चीतच होती. सांध्यावर आतून चुन्याचा जुना थर... कुठे चीरसुद्धा नाही.

त्यानं भिंतीला कान लावला.

उंदराची खुडबुड नाही. श्वास नाही...

ठक्.

बाहेर खुंटी गवतात पडली. तुळई कण्हली.

"देवा, सांभाळ!" त्यानं मावशीला खांद्यावर टाकलं. ती पाठीत गुद्दे घालत होती. "सोड! चहा सांडला माझा!"

फाटकाशी पोचतात तोच मागे कोपरा खाली बसला. मावशीची खुर्ची तुळईखाली चेपली.

धूळ. शांतता.

मग ढिगाऱ्यातून...

ठक्. ठक्.

अम्ब्रोजनं नखं रक्ताळेपर्यंत उपसलं. काठ्या, माती, चुना. माणूस नाही. हाडसुद्धा नाही. आणि ठोकणं जरा खालून, जरा घाईनं येतच होतं...

मावशीला नवल वाटलं नाही. "लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय," ती शाल आवळत म्हणाली. "कोण आहे, ते मात्र कधी कळलं नाही."

तिनं ढिगाऱ्याकडे बोट केलं.

"मला बाहेर काढलंस, बाळा. आता त्याला कोण काढणार?"