दोन दारांची बेकरी

फोन आला तेव्हा बाई दूध तापवत उभ्या होत्या.

"बाई, आज जरा येऊन जाता का?" संचालकांचा आवाज घाईतला होता. "चोरीचं प्रकरण आहे. मिटवून टाकायचंय."

बाईंनी गॅस बंद केला. त्यांचं आयुष्य शाळेत मुलांना गणित शिकवण्यात गेलं होतं. चोरी पकडावी, ती का केली ते समजून घ्यावं, हे त्यांना ठाऊक होतं. मिटवून टाकायची गोष्ट त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

संचालकांची संस्था घरबसल्या ऑनलाइन एमबीए शिकवायची. चौकशी समितीत बाहेरचा एक माणूस हवा असा नियम होता, म्हणून बाईंचं नाव कागदावर होतं. आजवर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

संस्था म्हणजे फर्निचरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. फळा नाही, बाक नाहीत. एका कोपऱ्यात निळा पडदा आणि खुंटीवर एकच काळा झगा. पास झालेले विद्यार्थी येऊन तो अंगात घालत, फोटो काढून घेत आणि परत टांगून जात. त्याची कॉलर घामानं चिकट आणि चकचकीत झाली होती. बाईंनी आपली खुर्ची त्या वासापासून लांब सरकवली.

संचालकांनी प्रकरण सांगितलं. दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध जवळजवळ शब्दशः सारखे निघाले होते. दोन्हींत एकाच बेकरीचा कारभार कसा सुधारला याचं वर्णन होतं. एक प्रबंध एका कारखानदाराच्या मुलाचा. वर्गातले त्याला युवराज म्हणत. दुसरा एका कंपनीत सुपरवायझर असलेल्या महिलेचा. वर्गात वयानं सगळ्यांत मोठ्या, म्हणून त्यांना सगळे ताई म्हणत. युवराजचा प्रबंध आधी जमा झाला, ताईंचा नंतर. तेव्हा चोर ताई, असा हिशेब झाला होता.

पदवी मिळाली की ताईंची कंपनी त्यांना मॅनेजर करणार होती. चोरीचा शिक्का बसला तर बढती गेलीच, आहे ती नोकरीही टिकेल की नाही कोण जाणे. म्हणून संचालकांनी मोठ्या मनानं सुचवलं होतं, की गुन्हा कबूल करा, पुढच्या वर्षी पुन्हा बसू देऊ. ताई ऐकत नव्हत्या.

"युवराजला ही बेकरी कुठे मिळाली?" बाईंनी विचारलं.

"मामाची आहे. मामांनी उघडपणे लिहायला परवानगी दिलीय."

"आणि ताईंना?"

"तेच तर सांगत नाहीत. तोंडाला कुलूप."

त्यात एक अडचण होती. या अभ्यासक्रमात एक रीत होती. ज्या कंपनीचा अभ्यास करायचा, तिची बदनामी होऊ नये म्हणून हवं तर तिचं नाव आणि धंदाही बदलून लिहायचा. खरं काय ते पहिल्याच ऑनलाइन भेटीत मार्गदर्शकाला तोंडी सांगायचं, आणि त्यानं ते पोटात ठेवायचं.

दोघांचे मार्गदर्शक एकच होते. ते सर तेवढ्यात आत आले. मऊ आवाज, मऊ हात, अंगाला भपकन येणारं अत्तर.

"लेकीसारखी आहे हो ती मला," सर म्हणाले. "घर, नोकरी, अभ्यास. माणूस थकतो, पाय घसरतो. सांभाळून घेऊ या."

बाईंनी विचारलं, ताईंनी तुम्हाला खरा धंदा कोणता सांगितला होता? सर म्हणाले, बेकरीच. लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

"तुम्ही दोन्ही प्रबंध वाचलेत?"

"ओळ न् ओळ."

बाई ताईंचा प्रबंध घरी घेऊन गेल्या. दुपारी जेवण झाल्यावर खिडकीपाशी बसून त्यांनी तो वाचला, जसा शाळेत पेपर तपासत तसा, हातात पेन्सिल घेऊन.

बेकरीला दोन दारं होती. एका दारानं रोज गिऱ्हाइकांकडचे ट्रे परत येत, दुसऱ्या दारानं तयार माल जाई. मधे पक्की भिंत. या बाजूच्या कामगाराला त्या बाजूला जायचं तर आंघोळ करून कपडे बदलावे लागत. परत आलेले ट्रे निवडणारे कामगार जाड हातमोजे घालत. मालक वैतागला होता, कारण दोन्ही बाजूंची सरमिसळ होत होती आणि त्याचे बरेच ट्रे गिऱ्हाइकांकडेच राहून जात होते.

हातमोज्यांपाशी पेन्सिल थांबली. भट्टीपाशी हातमोजे हवेत, हे पोरांनाही कळतं. रिकामे, गार ट्रे निवडायला जाड हातमोजे कशाला?

संध्याकाळी बाईंनी ताईंना व्हिडिओवर गाठलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप टेकवलेला होता. मागे धाकटीचं पाढे म्हणणं चाललं होतं आणि ताई मधेच मान वळवून तिची चूक सुधारत होत्या. प्रबंध किती जणांनी पाहिला, असं बाईंनी विचारलं. तिघांनी, ताई म्हणाल्या. नवऱ्यानं टाइप करून दिला. तो त्यांच्याच कंपनीची गाडी चालवायचा. बँकेतल्या मैत्रिणीनं आकडे तपासले. त्यासाठी ती दोन-चारदा ताईंच्या कामावर येऊन बसली होती. आणि तिसरे सर.

"सरांनी काय चुका काढल्या?"

"चूक एकही नाही. म्हणाले, घाई करू नका, भाषा जरा घोटून घ्या. म्हणून जमा करायला उशीर झाला."

"ताई, ही बेकरी कुठली?"

ताईंनी धाकटीला बाहेरच्या खोलीत पाठवलं. मग हळूच म्हणाल्या, "सर काही बोलले नाहीत ना? सर शब्दाला पक्के आहेत. माझ्यासाठी त्यांना खोटं बोलावं लागतंय, याचंच वाईट वाटतं."

बाईंनी लॅपटॉप मिटला. ज्या माणसाच्या साक्षीनं ही बुडत होती, त्याचेच आभार मानत होती.

दुसऱ्या दिवशी त्या युवराजच्या मामाच्या बेकरीत गेल्या. दुकानाला एकच दार. माल कागदी पिशव्यांतून जाई. ट्रे भट्टीपासून काउंटरपर्यंत फिरत, त्यापुढे नाही. कामगार आंघोळ करून कपडे बदलतात का, असं बाईंनी विचारलं तेव्हा मामा पोट धरून हसले.

"आंघोळ? सकाळी तोंड धुऊन आले तरी मी उपकार मानतो. भाचा लहानपणी यायचा बिस्किटं खायला. हल्ली फक्त लग्नात दिसतो."

तिथून बाई थेट ताईंच्या कामावर गेल्या. गल्लीच्या टोकाला पत्र्याचं मोठं आवार. आत शिरताच औषधाचा उग्र वास नाकात गेला. एका दाराशी गाडीतून गाठोडी उतरत होती. जाड हातमोजे घातलेल्या बायका ती सोडत होत्या. पलीकडे भिंत, आणि भिंतीत दोन्हीकडून उघडणारी मोठी यंत्रं.

ताईंनी बाईंना पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

दोघी आवाराबाहेर बराच वेळ बोलल्या. ताईंच्या मालकांनी अट घातली होती, की अभ्यास खुशाल कर, पण आपल्याकडची सरमिसळ बाहेर कळली तर तुला इथे जागा नाही. बाईंनी सांगितलं, मी नाव घेणार नाही. पण गप्प बसलात तर दुसरा माणूस तुमच्या मेहनतीवर झगा घालून फोटो काढेल.

समिती बसली. संचालक, सर, युवराज, ताई आणि बाई. टेबलावर संस्थेच्या जाहिरातीचे गठ्ठे होते. सरांनी सुरुवातीलाच दयेचं छोटं भाषण केलं. बाईंनी ते संपू दिलं.

मग त्या युवराजकडे वळल्या. "प्रबंध तुझा आहे ना? मग मला शिकव. तुझ्या मामाच्या बेकरीला दारं किती?"

"दोन. लिहिलंय ना."

"परत काय येतं?"

"ट्रे."

"ते निवडायला हातमोजे कशाला?"

युवराजनं सरांकडे पाहिलं. "गरम असतात म्हणून."

"गिऱ्हाइकाकडून परत आलेले?"

त्याच्या ओठांवर घाम आला.

"सर, तुम्ही सांगा. ओळ न् ओळ वाचलीत. कामगार भिंत ओलांडताना आंघोळ का करतात?"

"स्वच्छतेसाठी," सर हसून म्हणाले. "खाण्याचे पदार्थ आहेत."

"ताई, तुम्ही पहिल्या भेटीत सरांना काय सांगितलंत?"

ताईंचे हात टेबलाच्या कडेवर घट्ट बसले होते. त्या सरांकडे पाहत म्हणाल्या, "ही बेकरी नाही. हॉस्पिटलच्या चादरी धुण्याचा कारखाना आहे. सर, मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. हातमोजे का, तेही. चादरीत सुया राहतात, असं म्हणाले होते मी. तुम्ही 'छान, छान, पुढे चला' म्हणत होता."

सरांचं हसू जागच्या जागी थिजलं.

"आता नीट बघू," बाई म्हणाल्या. त्या वर्गात बोलत तशाच बोलत होत्या, सावकाश, मागच्या बाकावरच्यालाही कळेल असं. "पाव गिऱ्हाइकाकडे जातो तो परत येत नाही. चादर मळून परत येते. मळकी बाजू आणि स्वच्छ बाजू वेगळी ठेवावी लागते, म्हणून भिंत आणि आंघोळ. ताईंनी चादरींच्या जागी ट्रे लिहिले, पण कामाची रीत तशीच राहिली. ती बदलली असती तर प्रबंधच उरला नसता. तेव्हा हा प्रबंध कारखाना आतून पाहिलेल्या माणसाचाच.

"मग तो बाहेर कुणी दिला? तिघांकडे होता. नवरा त्याच कारखान्याची गाडी चालवतो. मैत्रीण तिथे बसून आकडे तपासून गेली. बेकरी हे सोंग आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी तो विकला असता तर घेणाऱ्याला पहिलं हेच सांगितलं असतं, की बेकरी खरी आहे असं म्हणू नकोस. पण युवराजनं छातीठोकपणे खऱ्या मामाची खरी बेकरी पुढे केली. म्हणजे देणाऱ्याचाही त्या सोंगावर विश्वास होता. ज्याला खरं सांगितलं होतं आणि ज्यानं ते ऐकलंच नव्हतं, असा माणूस एकच. त्यानंच ताईंना भाषा घोटत बसवलं आणि तेवढ्यात दुसऱ्याचा प्रबंध जमा करून घेतला."

"हा निव्वळ तर्क आहे," सर म्हणाले. आवाजातला मऊपणा गेला होता.

"मामांना मी भेटून आले," बाई युवराजला म्हणाल्या. "ते आले तर त्यांच्यासमोर हेच सांगशील?"

युवराज एकदम सरांवर उखडला. "तुम्हीच म्हणालात ना, तुझ्या मामाची बेकरी आहे, मग हा तयार माल घे, कुणी विचारणार नाही? निदान वाचून तरी द्यायचं होतंत."

"तू वाचलास?" सरांच्या तोंडून निसटलं.

सरांचा चेहरा राखेसारखा झाला. दोघं चोर एकमेकांवर डाफरत होते ते चोरीबद्दल नव्हे, चोरलेलं वाचायचे कष्ट कुणी घ्यायचे होते याबद्दल. आणि अशाच माणसाच्या सहीनं इथून पदव्या जात होत्या.

सर खुर्ची मागे ढकलून निघून गेले. युवराज त्यांच्या पाठोपाठ. जिन्यावर त्यांची भांडणं ऐकू येत राहिली.

संचालकांनी घसा साफ केला. सर प्रकृतीच्या कारणानं राजीनामा देतील, युवराज पुढच्या वर्षी बसेल, ताईंना उत्तम श्रेणी देऊन टाकू. कशाला गाजावाजा? त्यांचे हात बोलताना जाहिरातींचे गठ्ठे नीट करत होते.

"मी घडलं तसं लिहून देणार," बाई म्हणाल्या. "राजीनाम्याचं कारणसुद्धा. फक्त ताईंच्या कारखान्याचं नाव त्यात नसेल."

"ताई, तुम्ही तरी सांगा. श्रेणी मिळतेय ना?"

ताईंनी डोळे पुसले. "मला श्रेणी देऊन टाकू नका. दोन वर्षं मी पोरं निजवून अभ्यास केला. प्रत्येक प्रकरणावर सरांचं 'छान' यायचं. मला वाटायचं, मी खरंच छान लिहितेय. कुणीतरी आधी वाचा तो. मग नापास केलंत तरी चालेल."

संचालक खिडकीबाहेर पाहू लागले.

"मी वाचलाय," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली प्रत काढली आणि खुर्ची ताईंच्या शेजारी ओढली. "चांगला आहे. पण हरवलेल्या चादरींचं तुमचं गणित साफ चुकलंय. बघा, तुम्ही धुलाईत असलेल्या चादरीही हरवलेल्यांत धरल्या आहेत."

ताई वाकून पाहू लागल्या. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं. "म्हणजे पुढचं सगळं परत करावं लागेल?"

"सगळं," बाई म्हणाल्या. "चला, पहिल्या ओळीपासून."