एकोणसाठची उजळणी

झाकण वर झालं, वाफ विरली, आणि मास्तरणीच्या लक्षात आलं की आत डॉक्टरीणबाई नाहीत. आत मिशा आहेत.

ती भिंतीला टेकली. रागवायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं. एकशेवीस वर्षांचा प्रवास, एकशेवीस माणसं गार पेट्यांत झोपलेली, आणि एकेकाने एकेक वर्ष जागून बाकीच्यांची राखण करायची, अशी त्या यानाची रीत. पोचल्यावर जी पोरं जन्माला येतील त्यांना शिकवायला म्हणून हिला घेतलं होतं. तोवर हिच्या वाट्याला ना पोर, ना फळा. वर्षभर तिने काटे वाचले, नळ्या पुसल्या, आणि स्वतःशी बोलून बोलून स्वतःचाच कंटाळा करून घेतला. आज पाळी संपत होती. डॉक्टरीणबाईंना उठवायचं आणि आपण गुडूप व्हायचं, एवढीच काय ती इच्छा!

"पोचलो का?" पेटीतल्याने विचारलं. आवाज गंजलेल्या बिजागरीचा.

"नाही."

"मग... माझी पाळी आली?"

"नाही."

"मग बाई, मला उठवलंत कशाला?"

तिने हातातला कागद पाहिला. पुढची कुठली पेटी उघडायची, त्याचा तो कागद. अक्षरी रकान्यात यान निघतानाच कुणीतरी सुवाच्य लिहिलं होतं – एकोणसाठ. अंकी रकाना सकाळी जांभया देत तिने भरला होता – ६९.

त्याने कागद मागून घेतला, नाकाजवळ धरून वाचला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"तुम्ही यानावर काय काम करता?"

"मी... शिक्षिका आहे."

"कशाच्या?"

ती जरा थांबली. "गणिताच्या."

तो नळवाला होता. त्याची पाळी अकरा वर्षांनी होती. आणि नियम असा, की एकदा उठलेल्याला चाळीस दिवस परत झोपवता येत नाही. ज्याने चुकून उठवलं त्यानेच तेवढे दिवस त्याला सांभाळायचं. चाळीस दिवस! मास्तरणीला रडूच आलं असतं, पण रडायलाही कष्ट पडतात.

पहिला आठवडा तिने पाट्या टाकल्या. सूप पाजलं, हात धरून त्याला बोळातून चालवलं. तो रोज सकाळी दारात उभा राहून "हजर, बाई" म्हणायचा. ती मान वर करायची नाही.

आठव्या दिवशी त्याने न्हाणीतला गळका नळ पाच मिनिटांत बंद केला आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिला.

"कशाला केलंत?" ती म्हणाली. "वर्षभर तोच एक आवाज होता सोबतीला."

तो पाना घेऊन पुन्हा आत गेला. थोड्या वेळाने – टप्. ... टप्.

"मिनिटाला दहा ठेवलेत," आतून आवाज आला. "जास्त हवे असतील तर सांगा."

त्या दिवशी मास्तरीण वर्षात पहिल्यांदा हसली. तिलाच ते अवघड गेलं. गालांची सवय मोडली होती.

मग दिवस कसे गेले ते विचारू नका. त्याने तिला नळाचा आटा बसवायला शिकवलं, तिने त्याची पाढ्यांवर परीक्षा घेतली आणि तेरावर नापास केलं. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. दमलेली ती होतीच – पण आता बसल्या जागी डोळा लागला तर डोकं टेकायला एक खांदा होता, आणि तो खांदा मुंग्या आल्या तरी हलायचा नाही.

सदतिसाव्या दिवशी तिने ते सांगितलं. सगळ्यांनाच ठाऊक असलेलं, पण तोवर दोघांनीही न काढलेलं.

"लांबच्या झोपेत शेवटचे दीड-दोन महिने पुसले जातात. तुझी झोप अकरा वर्षांची, तुला आठवेल. मी आता उठणार ती पोचल्यावर, साठ वर्षांनी. तू समोर येशील आणि मी विचारेन, आपण कोण?"

"आणि मी म्हणेन, हजर, बाई."

"चेष्टा नको रे..."

"मग झोपूच नकोस."

"अन्न एकाच जागणाऱ्यापुरतं आहे. हे चाळीस दिवसच कसेबसे निभावलेत."

नळाचा आटा फिरवावा तशी तो बोटांनी तिची बांगडी फिरवत राहिला. "मध्ये कुणी उठवलं तर?"

"अकरा-बारा वर्षांत उठवलं तर सगळं आठवतं. आणि एकदा आठवलं की पक्कं होतं, मग कितीही झोपा. पाढ्यांसारखंच. मध्ये एकदा उजळणी झाली पाहिजे." ती उठली. "पण मला कोण उठवणार? माझी पाळी झाली."

चाळिसाव्या दिवशी त्याला पेटीत निजवताना तिने त्याची उशी तीनदा सारखी केली. वर्षभर जिची आस धरली ती झोप, डॉक्टरीणबाईंना उठवलं की, आता दोन तासांवर होती, आणि तिला ती नको होती.

त्याच्या पाळीचा कागद पेटीला आधीच लावलेला होता. त्याच्यानंतर सुताराला उठवायचं होतं. अक्षरी रकान्यात लिहिलं होतं – एकोणचाळीस. अंकी रकाना कोरा.

"पेन दे," तो म्हणाला. "ऐन वेळी घोळ नको. आत्ताच भरून ठेवतो."

त्याने शाळकरी पोरासारखी जीभ दातांत धरून लिहिलं आणि कागद तिच्यापुढे केला – ४९.

शेजारच्या ओळीत तिची रिकामी पेटी होती. पेटीवर आकडा होता – ४९.

"बाई," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "एकोणचाळीस म्हटल्यावर चार आणि नऊच ना? माझं गणित कच्चं आहे. तपासून द्या."

दहा वर्षं मास्तरणीने हीच चूक लाल शाईने खोडली होती. कित्येक पोरांना याच आकड्यासाठी बाकावर उभं केलं होतं.

तिने खिशातलं लाल पेन काढलं. आकड्याशेजारी बरोबरची खूण केली – चांगली मोठी, कागदाबाहेर जाईल अशी.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "झोप आता."