पेटीतली बहीण

टाळ्या जरा लवकर पडल्या. म्हटलं तर एवढंच झालं होतं.

पण संयोगितानं अजून हाक मारलीच नव्हती. पेटीच्या खोट्या पाठीमागे, प्लायवूडच्या आणि जुन्या घामाच्या कोंदट वासात, ती अंग चोरून उभी होती. ठरलेलं असं, की दार लागलं की तिनं आतून ओरडायचं, "सांगा, मी कुठे आहे?" मग हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या दारातून, तसाच चमचमता निळा ड्रेस घातलेली प्रिया धावत येणार आणि म्हणणार, "मी इकडे!" प्रिया म्हणजे प्रियदर्शनी, तिची जुळी बहीण. जादू म्हणावी ती एवढीच. बाकी सगळं लपवणं.

त्या लपवण्यात दोघींनी कसर ठेवली नव्हती. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत जादूगार यायची ती एकटी मिस संयोगिता. खोली एकीची, जेवणाचं ताट एकीचं. प्रिया तोंडाला स्कार्फ बांधून मागच्या जिन्यानं. "मला एका मिनिटाचा उजेड," ती म्हणायची, "तोही तुझ्या नावानं." आज सकाळी वेणी घालताना तर सहज म्हणाली होती, "संयू, मी आता अंधारात बसायची न्हाई."

संयोगिता हसली होती.

आता बाहेर टाळ्या थांबल्या. थोड्या वेळानं पेटीमागे येऊन, बाहेरून कडी काढून प्रिया तिला मोकळं करायची आणि पुन्हा गडप व्हायची. कडी कुणी काढली नाही. उलट माइकवरून आवाज आला...

"आक्काताई, तुमच्या लग्नाच्या पंचाहत्तरीलासुद्धा मीच येणार हं! तोवर काठी जपून ठेवा, मी तिचा साप करते!"

विनोद संयोगिताचा. आवाजही तिचाच. श्वास घ्यायची जागासुद्धा तिचीच. कार्यक्रम पुढे चालू राहिला, हशा पिकला, मग खुर्च्या सरकल्या. उरली ती समुद्राची गाज. पेटीत ती अशी ऐकू येत होती, की जणू कुणी लाकडाला तोंड लावून कुजबुजतंय.

शेवटी तिनं लाथा घातल्या. कडी तुटली.

हॉलबाहेर लख्ख ऊन होतं. सांगलीच्या जैन कुटुंबाचा कार्यक्रम, सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची, म्हणून खेळ दुपारीच ठेवलेला. व्यासपीठावर तिची पर्स नव्हती, मोबाइल नव्हता. कार्यक्रमाचा मॅनेजर उदयसिंह वायरी गुंडाळत होता. म्हसवडचा गडी. तिला बघून चमकला.

"मॅडम? आत्ताच तर तुमाला रिक्षात बसवलं की मी!"

"ती मी नव्हते. माझी बहीण..."

"बहीण?" तो खो खो हसला. "खेळ संपला की, मॅडम! तीन वर्सं वळखतो तुमाला. कवा बगितली न्हाई ती बहीण!"

खरंच होतं. कुणी बघू नये म्हणूनच तर तीन वर्षं धडपड केली होती.

पंगतीतून उठलेल्या आक्काताई काठी टेकत जवळ आल्या. पन्नास वर्षांच्या संसाराचा सोहळा त्यांचाच. त्यांनी मायेनं तिचा डावा हात हातात घेतला आणि मनगट उलटसुलट करून पाहिलं.

"मगाशी हितं भाजल्याचा डाग हुता न्हवं? तेल लाव म्हणून सांगितलं मी तुला... कुठं गेला गं?"

डाग होता. जादूचा कागद पेटवताना पडलेला, गेल्या वर्षी. संयोगिताच्या मनगटावर. प्रियाच्या नव्हे.

आता तिथं कातडी गुळगुळीत होती.

आक्काताईंनी हात सोडला. हळूच, पण सोडला.

उदयसिंहचा मोबाइल मागून घेऊन ती किनाऱ्याकडच्या पायरीवर बसली. प्रियाचा फोन बंद. मग गावी वडूजला, आईला. घंटी वाजून वाजून थांबली. आई रानात असेल, फोन घरात. तिनं परत लावला, परत लावला. ऊन उतरलं, पाणी काळं पडत गेलं. डाग होता तिथं ती अंगठा घासत राहिली. निदान आई तरी. दोघींना एका पोटातून काढलेली आई तरी सांगेल ना, की लेकी दोन आहेत...

फोन उचलला गेला.

"आई! आई, मी संयोगिता! प्रिया कुठं गेली गं..."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग आई बोलली. जपून, परक्या बाईशी बोलावं तशी.

"आवं बाई, कुनाला फोन लावलाय तुमी? संयोगिता तर हितं माझ्याम्होरं जेवाय बसलीया. सकाळीच आली."

"आई, असं नको ना करू... आई, सांग ना... मी कुठे आहे?"

आणि आईच्या पाठीमागून, व्यासपीठावरच्यासारखं खणखणीत, हसऱ्या स्वरात उत्तर आलं.

"मी इकडे!"