मागच्या चाकांमधला बर्फ

रविवारी सकाळी साडेआठला रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या ड्रायव्हरचा फोन आला आणि डेप्युटी शेरीफ इंगा रोस्टॅडने हातातली कॉफी तशीच खाली ठेवली. ऑर्विल टेस्मरचा पांढरा इलेक्ट्रिक पिकअप शेतरस्त्यावर बर्फात रुतला होता. ऑर्विल आतच होता. काच वाजवून उपयोग नाही, असं ड्रायव्हर म्हणाला.

उणे एकतीस. उत्तर डकोटात जानेवारीत या आकड्याचं कुणाला कौतुक नाही. पण शनिवारचं वादळ सरून वारा एकदम पडला होता, आणि पडलेला वारा इंगाला कधीच आवडला नव्हता. दुपारी पुढचं वादळ येणार होतं. जे पाहायचं ते तोवर पाहून घ्यायला हवं होतं.

ऑर्विल स्टिअरिंगमागे बसला होता, हनुवटी छातीला टेकलेली. डोक्याच्या मागच्या बाजूला रक्त गोठलं होतं. त्याच्या बाजूची काच इंचभर खाली होती. गाडीच्या मागे, दोन चाकांच्या मधला बर्फ तळापर्यंत नीट उपसला होता आणि फावडं तिथेच रोवलेलं होतं.

इंगाने बटण दाबलं. पडदा उजळला. बॅटरी चौसष्ट टक्के. तिने हीटर लावला तर तोंडावर थंडगार हवा आली.

रुग्णवाहिकेच्या आधी ग्रँट स्टोक्के येऊन पोहोचला. त्याचं घर समोरच्या झाडांच्या रांगेमागेच होतं. गावातली पिकअपची एकुलती एक डीलरशिप त्याची, आजोबांपासून चालत आलेली. त्याने टोपी काढली. ऑर्विल शनिवारी दोनला सर्व्हिसमधून गाडी घेऊन गेला, शुक्रवारी मेकॅनिक वेडने तिला नवा हीटर बसवला होता, असं त्याने सांगितलं. मग इंगाच्या सांगण्यावरून बॉनेट उघडलं आणि फ्यूजच्या पेटीत एका खाचेवर बोट ठेवलं. ती रिकामी होती.

"हीटरचा फ्यूज," तो म्हणाला. "वेड लावायला विसरला. बिचारा ऑर्विल बर्फ उपसताना घसरून पडला असणार, मग आत येऊन बसला आणि गारठून गेला."

दुपारपर्यंत वेड पेल्की शेरीफच्या कोठडीत होता. शंभर मैलांत इलेक्ट्रिक गाड्यांना हात लावायची परवानगी असलेला तो एकटाच मेकॅनिक. निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा गुन्हा ठेवा, असं सरकारी वकिलाने फोनवर सांगून टाकलं होतं. म्हणजे काही वर्षं तुरुंग आणि पुन्हा कुठल्याही गॅरेजात नोकरी नाही.

"फ्यूज लावला होतास?" इंगाने विचारलं.

"लावला होता."

"खात्री?"

"वीस मिनिटं हीटर चालवून पाहिला." वेडने आपल्या हातांकडे पाहिलं. "कालपर्यंत खात्री होती. आता मलाच कळेनासं झालंय."

"ऑर्विलला ही गाडी नीट माहीत होती?"

"माझ्यापेक्षा जास्त. चार वर्षं चालवतोय. आम्हाला शिकवायचा तो."

मग वेडने खाली मान घालून आणखी एक गोष्ट सांगितली. या गाडीतला मूळ हीटर सदोष आहे म्हणून कंपनीने दोन वर्षांपूर्वीच बदलायला सांगितलं होतं. कागदावर तो दोनदा बदलला गेला होता, कंपनीकडून त्याचे पैसेही घेतले होते, सही ग्रँटची. वेड गेल्या पानगळीत नोकरीला लागला, त्याने उघडून पाहिलं तर आत जुनाच हीटर. हे त्याने ऑर्विलला सांगितलं होतं. सोमवारी कंपनीचा माणूस येणार होता आणि ऑर्विल त्याच्यासमोर सगळं बोलणार होता.

इंगा तिथून लायल टेस्मरकडे गेली. लायल मयताचा धाकटा भाऊ. बापाच्या जमिनीवरून दोघांत दोन वर्षं बोलणं नव्हतं, आणि हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. लायल स्वयंपाकघरात न जेवता बसला होता.

"पोरी, माझ्यावर संशय असेल तर सरळ विचार," तो म्हणाला.

"शुक्रवारी त्याची गाडी कुठे होती?"

"मला काय ठाऊक? त्याच्या त्या खेळण्याला मी कधी हात लावला नाही. माझं डिझेल बरं." त्याचा आवाज फाटला. "दुरुस्तीला होती का?"

इंगाने त्याला ग्रँटच्या शोरूममध्ये यायला सांगितलं.

तीन वाजता तिने ग्रँटला आणि लायलला शोरूममध्ये बसवलं. काचेबाहेर पांढरं अंधारून येत होतं. पुढच्या बाजूला चकचकीत डिझेल पिकअप ओळीने उभे होते; एकुलता एक इलेक्ट्रिक मागच्या भिंतीला, टायर बसलेला. तो पाहून इंगाला रागच आला. विकायचं नाही तर ठेवायचं तरी कशाला?

"ग्रँट, बर्फात अडकलं तर काय करायचं? तुमच्या वडिलांनी काय शिकवलं होतं?"

"सगळ्यांना शिकवतात तेच. गाडी चालू ठेवायची, सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा, काच थोडी खाली ठेवायची. नाहीतर धूर आत येतो आणि माणूस झोपेतच जातो."

"ऑर्विलच्या गाडीला सायलेन्सर कुठे आहे?"

ग्रँटची नजर मागच्या भिंतीजवळच्या इलेक्ट्रिककडे गेली.

"नाहीच," इंगा म्हणाली. "धूरच नाही तर काच कशाला उघडायची? तीही हीटर बंद असताना, उणे एकतीसमध्ये? चार वर्षं ती गाडी चालवणारा माणूस मागचा बर्फ उपसणार नाही. वेडही नाही, तो त्या गाड्या आतून ओळखतो. हे केलं जन्मभर डिझेल चालवलेल्या हातांनी."

लायल खुर्चीत सरळ झाला. "म्हणजे मी?"

"तुम्ही डिझेलवाले खरे. पण गाडी दुरुस्तीला होती हेच तुम्हाला माहीत नव्हतं. हीटर नवा आहे, फ्यूज काढला की वेडवर शेकेल, हे ज्याला ठाऊक होतं तोच हा माणूस. दुरुस्ती माहीत, पण गाडी माहीत नाही." ती ग्रँटकडे वळली. "अशी गाडी तुम्ही स्वतः किती वेळा चालवलीत?"

"गिऱ्हाइकाला किल्ली द्यायची असते, चालवायची कशाला," तो पुटपुटला.

"शनिवारी एकदा चालवलीत. उद्या ऑर्विल बोलला असता तर कंपनीने तुमची पाटी उतरवली असती. वाद इथेच झाला. त्याला त्याच्याच गाडीत घालून घराजवळच्या रस्त्यावर नेलंत, फ्यूज काढलात आणि ओसरत्या वादळात कुंपणाची तार धरून चालत घरी गेलात. घसरून पडला असं दिसावं म्हणून फावड्याने बर्फ उपसलात. तेवढा शहाणपणा केला नसतात तर मी वेडलाच दोषी धरलं असतं. हात दाखवून अवलक्षण."

 ग्रँट थकल्या आवाजात म्हणाला, "मी ढकललं. गाडी उचलायच्या लिफ्टच्या खांबावर आपटला. जागच्या जागी गेला, इंगा. मी घाबरलो. मेलेल्या माणसाला तिथे नेऊन ठेवलं, एवढाच माझा गुन्हा."

"मेलेल्या माणसासाठी काच खाली केलीत?"

ग्रँटने टेबलाची कड धरली.

"फावडं दिखाव्यासाठी होतं. काच मात्र हाताने आपोआप खाली केली," इंगा हळू म्हणाली. "आत श्वास घेणारं माणूस आहे, हे तुम्हाला माहीत होतं. डॉक्टर म्हणतात, तो दोन तास तरी जिवंत होता."

"कण्हत होता," ग्रँट म्हणाला. "धुराने गुदमरू नये असं वाटलं." आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने डोळे झाकून घेतले. लायल उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

इंगा कोठडीवर परतली तेव्हा वादळ सुरू झालं होतं. तिने कुलूप काढलं, सुटलास म्हणून सांगितलं. वेड जागचा हलला नाही.

"मी बसवलेला हीटर," त्याने विचारलं, "चालतो का?"

"नवा फ्यूज घालून पाहिला. चार मिनिटांत आत इतकं गरम झालं की मला कोट काढावा लागला."

वेडने मान हलवली. मग तो बाकावरच वाकला आणि दोन्ही हातांत तोंड घालून ऑर्विलसाठी रडला.