शुक्रवारची टर्र-टर्र

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. मी यंत्रं दुरुस्त करणारी बाई, भुताखेतांच्या गप्पांना मी कायम नाक मुरडलं. तरी हे घडलं. माझ्यासमोर, भर दुपारी.

मागचा जून. शुक्रवार. कारा-बुलुन गावाच्या वरचं, हिमनदीच्या पायथ्याचं तळं.

त्या तळ्याचा बांध म्हणजे नुसता बर्फ आणि दगडगोटे. फुटला तर गाव साफ. म्हणून काठावर पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवलंय. ते मोबाइलवरून आकडे खाली पाठवतं. पातळी एकदम चढली की गावात भोंगा वाजतो.

भोंगा दर शुक्रवारी वाजायला लागला होता.

तळं मात्र शांत...

लोक पहिल्यांदा धावले. मग रमतगमत गेले. मग जागचे हललेच नाहीत.

"बुरुल, तुझा लांडगा आला गं," बायका मला चिडवायच्या.

मला मात्र झोप नव्हती. खरं पाणी आलं असतं तरी कुणी उठलं नसतं.

दोष मोबाइलचा, हे मला ठाऊक होतं. रेडिओजवळ फोन ठेवला की रेडिओ टर्र-टर्र करतो ना? तसंच. जवळ फोन चालू झाला की यंत्राचे आकडे उड्या मारतात. मी यंत्राला आधी मोजायला आणि मगच त्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून पाठवायला शिकवलं. तारेवर जाळी चढवली.

उड्या थांबल्या. फक्त शुक्रवारच्या सोडून.

म्हणून मी आणि तळ्याचे राखणदार तुर्दाकुन आबा घोड्यांवरून वर गेलो. नेहमीच्या शिस्तीप्रमाणे दोघांचे फोन बंद करून खूप अलीकडे, दगडांच्या राशीपाशी पत्र्याच्या डब्यात ठेवले. हातात फक्त आबांचा जुना रेडिओ.

"जवळ कुणाचा फोन असेल तर हा चुगली करेल," मी म्हणाले.

"इथे मेंढरंसुद्धा फिरकत नाहीत. बिळातल्या मार्मोटांनी घेतले असतील फोन," आबा म्हणाले.

खाली गावात जुम्म्याची नमाज संपायची वेळ झाली.

आणि रेडिओ... टर्र... टर्र-टर्र...

उताराकडे नेला, आवाज विरला. पाण्याकडे नेला...

वाढला.

बूट भिजेपर्यंत मी पुढे गेले. आवाज पाण्यातूनच येत होता.

आबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "एसेनकुल," ते म्हणाले.

एसेनकुल, त्यांच्या आधीचा राखणदार. हिवाळ्यात बर्फ फुटून तळ्यात गेला, प्रेत मिळालं नाही. फोन खाली ठेवत जा, म्हणून मी त्याच्याशी किती भांडले होते. तो हसायचा. "अनाराचा फोन येतो," म्हणायचा.

"इतके महिने पाण्यात फोन चालत नाही, आबा."

"ते त्याला सांग."

आम्ही तडक त्याच्या बायकोकडे, अनारा एजेकडे गेलो; वयाने मोठ्या बाईला आम्ही एजे, म्हणजे ताई, म्हणतो. ती फोन मांडीवर घेऊन बसली होती.

"नमाज सुटली की लावते त्याचा नंबर," ती म्हणाली. "दर शुक्रवारी. लागत नाही... पण लावते."

भोंगा वाजायची वेळही नेमकी तीच.

आमच्याकडे मेलेल्या माणसांसाठी दर शुक्रवारी तेलात बोर्सोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळतात. त्या वासाने ते घरी येतात आणि तृप्त होऊन जातात. अनारा एजेने एकदाही कढई चढवली नव्हती. आम्ही तिला तळ्यातल्या आवाजाचं सांगितलं आणि आता तरी चढव म्हणालो.

"प्रेत दाखवा, मग तळते," ती कडाडली. "तुमचा भोंगा गप्प बसावा म्हणून मी माझ्या नवऱ्याला मेला म्हणू?"

आबा हळूच म्हणाले, "मेला म्हणू नकोस, पोरी. घरी बोलाव. किती दिवस त्याला गार पाण्यात उभा ठेवशील?"

ती खूप रडली. मलाही राहवलं नाही.

पुढच्या शुक्रवारी तिने तेल तापवलं. तिघांचेही फोन बंद होते. रेडिओ खिडकीत होता. पहिला बोर्सोक फुगला, वास घरभर सुटला...

टर्र...

दाराकडून. मग जवळ... अगदी जवळ.

अनारा एजेने रिकाम्या जागेसमोर चहाचा वाडगा ठेवला.

आवाज थांबला.

तेव्हापासून तळ्याचे आकडे साफ आहेत. ऑगस्टमध्ये भोंगा वाजला, तेव्हा इतके दिवस गप्प असलेला भोंगा ओरडतोय म्हणून झाडून सगळे टेकडीवर पळाले. पाणी खरंच आलं. पूल गेला, चार गोठे गेले, माणूस एकही गेला नाही.

परवा अनारा एजे कणीक मळत होती. मी सहज विचारलं, अजून नंबर लावतेस?

"लावते की," ती म्हणाली. "आता रिंग जाते."

आकडे मी दर शुक्रवारी पाहते. एकसुद्धा उडी नाही. मग रिंग जाते कुठे, हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.